पुल म्हणजे ओढा

५ मे २०२५, सोमवार

गेले. शेवटी गेलेच त्या क्लासला! उन्हाळ्याच्या सुट्टीत माणसं लोणची घालतात, कुरडया करतात. मी चाळिशी ओलांडून इंग्रजी बोलायला शिकतेय!

सगळं नागप्पा सरांमुळं. हेडमास्तर! सुट्टी लागायच्या दिवशी म्हणाले, "मॅडम, जूनपासून परिपाठात रोज इंग्रजी संभाषण घ्यायचंय. तुम्हीच घ्या. भाषा तुमचा विषय." भाषा नाही, मराठी माझा विषय आहे. मराठी! एम. ए. केलंय. बाकीचे मास्तर माना खाली घालून बसले.

क्लास हायवेला, बॅटरीच्या दुकानावर. वर पत्रा. ट्रक गेला की खिडकी थरथरते आणि शिकवणारी तोंड मिटून उभी राहते. शिकवणारी मोनिका. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरींच्या वयाची. पुण्यात कॉल सेंटरला होती, कंपनी बंद पडली, परत उमरग्याला आली. गॉगल डोक्यावर. खोलीत ऊन कुठून येणार?

फळ्यावर लिहिलं — लुक. पाहणं. मग — लुक आफ्टर. मला विचारलं. मी म्हटलं, "नंतर पाहणं." सगळे हसले. सांभाळणं म्हणे! आफ्टर म्हणजे नंतर हे मी पाचवीत शिकले. आता नंतर पाहणं म्हणजे सांभाळणं!

नंतर पाहू म्हणणाऱ्यांनी आजवर कुणाला सांभाळलंय?

६ मे, मंगळवार

लुक डाउन ऑन — तुच्छ लेखणं. हा तेवढा बरोबर आहे. तशीच बघते ती पोरगी माझ्याकडं.

९ मे, शुक्रवार

आज मला उभं केलं. उभं! मला!

क्लासमध्ये मराठी बोलायचं नाही असा तिचा नियम. बोललं की उभं राहायचं. शेजारी बंडप्पा बसतात, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात असतात, हैदराबादच्या पार्ट्यांशी फोनवर बोलावं लागतं म्हणून येतात. ते हळूच म्हणाले, "मॅडम, हे लोक एका शब्दाचं काम दोन शब्दांनी करतेत, आन् अर्थ निघतोय तिसराच!" मला हसू आलं. मी म्हटलं, "व्हय बघा." एवढंच. दोन शब्द.

"प्लीज स्टँड अप, मॅडम."

बंडप्पाही उठले. ते तर मजेत उठले, खिडकीतून ट्रक बघत उभे राहिले. माझे कान तापले. आयुष्यभर मी पोरांना उभं करत आले. कधी मायबोलीत बोलला म्हणून नाही केलं. आमच्या घरात कानडी, गल्लीत मराठी. शाळेत घरची कानडी तोंडातून निसटली म्हणून मला कुणी उभं केलं नाही.

घरी आले. अप्पा, वडील माझे, अंगणात बसले होते. "काय झालं ग रंजू?" म्हणाले. काही नाही म्हटलं. भांडी आदळून घासली.

१४ मे, बुधवार

एक गोष्ट कबूल करावी लागेल. राग आहे तरी करावी लागेल.

मी रात्रंदिवस शिव्या घालतेय ह्या जोडशब्दांना. गिव्ह म्हणजे देणं, गिव्ह अप म्हणजे सोडून देणं, गिव्ह इन म्हणजे नमतं घेणं. शेपूट बदललं की जनावर बदलतं! असल्या भाषेला काही ताळतंत्र आहे का? — असं मनात म्हणत होते आणि भाकरी थापता थापता हात थांबला.

आपल्यात काय वेगळं आहे? बोलून टाकलं. बोलून गेली. बोलून बसली. एकच बोलणं. पण बोलून टाकणारी मोकळी होते, बोलून जाणारीला भान नसतं, आणि बोलून बसणारी पस्तावते. हे मला कुणी शिकवलं? कुणीच नाही. म्हणजे त्यांच्या पोरांनाही कुणी शिकवत नसणार.

संयुक्त क्रियापदं मीच शिकवते दरवर्षी. लक्षात यायला ही पोरगी लागली. याचाही राग आला.

१५ मे, गुरुवार

मोनिकाला सांगितलं कालचं. म्हणाली, "नाइस. बट इन इंग्लिश, मॅडम."

मेली!

२१ मे, बुधवार

ब्रेक अप, ब्रेक डाउन, ब्रेक ऑफ. कॉलेजची पोरं ब्रेक अपला खिदळली. मोनिकानं मला सांगितलं, वाक्य करा. मी केलं — माय मॅरेज ब्रोक अप. वीस वर्षं झाली त्याला. बरोबर का चूक ते सांग म्हटलं. बरोबर होतं. एवढ्या दिवसांत माझं पहिलं बरोबर वाक्य ते!

२५ मे, रविवार

सोमेशचा फोन. दर रविवारी येतोच. धाकटा भाऊ माझा, हैदराबादला कंपनीत इंजिनिअर. अप्पांशी दोन मिनिटं, मग मला म्हणतो, "अक्का, मी त्या हॉस्पिटलला सोडणार नाही. वकिलाशी बोललोय. त्यांनी आपल्याला शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. अंधारात ठेवलं."

अव्वा, आमची आई, जानेवारीत गेली. तेव्हापासून हेच चाललंय त्याचं. मला पटतं. मीही म्हणते, सोडू नकोस. धडधाकट चालत गेलेली बाई. फुप्फुसाला सूज, बाकी काही नाही, असं इथला डॉक्टर म्हणाला होता. तिकडं नेली आणि आठवड्यात आमच्या हातात काय दिलं? कुणी एका शब्दानं बजावलं नाही.

सोमेशला म्हटलं, मी इंग्रजी शिकतेय. हसला. कितीतरी महिन्यांनी हसला. "कशाला अक्का, मी हाय की."

२ जून, सोमवार

काय लिहू? आजच लिहायला हवं. उद्या मी स्वतःलाच खोटं सांगेन.

आज पुल होतं. पुल ओव्हर — गाडी कडेला घेणं. बंडप्पांना आवडलं ते. पुल डाउन — पाडणं. मग तिनं लिहिलं — पुल थ्रू. म्हणाली, मोठ्या आजारातून वाचणं, तगणं. आणि वाक्य दिलं. 'डॉक्टर्स डोन्ट थिंक ही विल पुल थ्रू.' डॉक्टरांना वाटत नाही तो वाचेल.

ट्रक गेला. खिडकी थरथरली. मी म्हटलं, "परत म्हण." मराठीत म्हटलं. तिनं उभं केलं नाही. माझ्या तोंडाकडं बघितलं आणि परत म्हणाली.

हे वाक्य मी ऐकलंय.

जानेवारीतली ती दुपार. हैदराबादचं हॉस्पिटल, आयसीयूच्या बाहेर. मी आणि सोमेश. डॉक्टर बाहेर आला, तेलुगू माणूस, तोंडावर मास्क, भराभर बोलला. इन्फेक्शन, किडनी असे सुटे शब्द तेवढे कळले. आणि शेवटी म्हणाला — आय डोन्ट थिंक शी विल पुल थ्रू. मला तंतोतंत आठवतं. कारण त्याच्या मागच्या काचेच्या दारावर तोच शब्द लिहिला होता — पुल. पुल म्हणजे ओढा. दार आपल्याकडं ओढायचं. एक ओळखीचा शब्द सापडला म्हणून मी धरून ठेवला होता.

सोमेश म्हणाला, "येस डॉक्टर. ओके डॉक्टर. थँक यू, डॉक्टर."

मी विचारलं, "काय म्हणाले रे?"

"औषधं चालू हायत म्हणाले. नळी आत्ताच काढणार न्हायत. तू जाऊन ये अक्का, मी हाय की."

नळी! त्या वाक्यात नळी कुठं होती?

दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी होती. साहेब येणार, दप्तर दाखवायचं. म्हणून मी निघाले. अव्वाजवळ गेले. तोंडात नळी, बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, होगि बर्तेनि अव्वा — जाऊन येते. तिनं चादरीवरची बोटं तेवढी हलवली. आमच्यात नुसतं जाते कुणी म्हणत नाही. जाऊन येते म्हणायचं. आणि मी गेले. गेले आणि आले नाही!

सकाळी साहेब दप्तर उघडत होते. फोन आला.

माझ्या तोंडावर सांगितलं होतं त्या डॉक्टरनं. तुमची आई वाचणार नाही असं सांगितलं होतं. आणि मी मान हलवली होती. बरं म्हटल्यासारखी.

आणि सोमेशला कळलं होतं.

३ जून, मंगळवार

झोप नाही. त्याला माहीत होतं. त्याला माहीत होतं. त्याला माहीत होतं.

५ जून, गुरुवार

क्लासला गेले नाही.

विचार करून करून डोकं फुटायची पाळी आलीय. का लपवलं असेल? मी रडेन म्हणून? तपासणी बुडेल म्हणून? का शेवटच्या घडीला अव्वाजवळ तो एकटाच असावा म्हणून? लहानपणापासून त्याचं तेच. तिच्या पदराला तो, आणि मी पाण्याला!

बरं, लपवलं तर लपवलं. पण वर हे नाटक? दर रविवारी — हॉस्पिटलनं सांगितलं नाही, अंधारात ठेवलं, वकील केलाय! अंधारात कुणी ठेवलं? आणि मी येडी. पाच महिने त्याच्या हो ला हो. सोडू नकोस म्हणत होते!

त्याला शिकवलं कुणी? बारावीनंतर अप्पा म्हणत होते, दोघांचं नाही झेपणार. मी डी. एड. केलं, नोकरी धरली, त्याला लातूरला इंजिनिअरिंगला घातलं. एम. ए. बाहेरून केलं. ते इंग्रजी त्याला मी दिलं. आणि माझ्याच आईचं मरण त्यानं त्या इंग्रजीत लपवून ठेवलं!

अप्पा म्हणाले, "रंजू, दोन दिस झाले, तू कुणाशी भांडायलीस ग? घरात तर मीच हाय."

त्यांना सांगितलं नाही. ते म्हातारे. पण सोमेशला सोडणार नाही.

८ जून, रविवार

झालं. बोलून टाकलं.

नेहमीप्रमाणं त्याचा फोन आला. अप्पांना द्यायच्या आधी मी मागच्या अंगणात गेले.

"सोम्या, पुल थ्रू म्हणजे काय?"

"काय?"

"पुल थ्रू. सांग. इंग्रजी तुला येतं ना?"

"अक्का, मधीच काय हे..."

"डॉक्टर म्हणाला होता. दारासमोर. तू आणि मी दोघं होतो. आय डोन्ट थिंक शी विल पुल थ्रू. अव्वा वाचणार नाही म्हणाला तो! आणि तू मला काय सांगितलंस? नळी! नळी काढणार नाहीत! मला गाडीत बसवून दिलंस. तपासणीला धाडलंस! तुला एकट्याला हवी होती ती, मरताना पण! आणि आता वकील? कुणावर केस करतोस? स्वतःवर कर!"

तिकडं कुकरची शिट्टी झाली. शिवकन्या, त्याची बायको, कुणाला तरी हाका मारत होती. मी म्हटलं, "बोल की! आता का दातखीळ बसली?"

"ठेवतो अक्का," म्हणाला. ठेवला.

एक शब्द नाही. नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. चोर सापडला की असाच गप्प होतो.

बरं वाटतंय. पहिल्यांदा बरं वाटतंय!

९ जून, सोमवार

क्लासला गेले. पुट अप विथ — सहन करणं. मी वाक्य केलं — आय विल नॉट पुट अप विथ इट. मोनिका म्हणाली, व्हेरी गुड, विथ फीलिंग!

फीलिंग हवंय होय तुला?

१३ जून, शुक्रवार

शिवकन्येचा फोन. "अक्का, काय बोलणं झालं तुमचं? हे जेवत नाहीत. ऑफिसला जातात, येतात, मोबाइल घेऊन बसतात. विचारलं तर सांगत नाहीत."

मी म्हटलं, "त्यालाच विचार. त्याला सगळं माहीत असतं."

ती रडायला लागली. "तुम्ही मोठ्या आहात, काही चुकलं असंल त्यांचं तर..." मी फोन ठेवला. तिची चूक नाही, कळतंय. पण मला कुणी सांगितलं होतं का, अक्का, जेवून घ्या? अव्वाला माती देऊन आल्यावर सगळे हैदराबादच्या पाव्हण्यांना वाढत होते.

१६ जून, सोमवार

शाळा सुरू. पाऊस नाही, चिखल नाही, नुसता उकाडा. परिपाठात इंग्रजी संभाषण. हाउ आर यू. आय ॲम फाइन. सगळी पोरं फाइन! चौथीतली एक पोर तापानं फणफणली होती, तीही फाइन म्हणाली. नागप्पा सर खूश. टाळ्या वाजवल्या.

मी त्या पोरीला ओट्यावर नेऊन बसवलं, पाणी दिलं आणि कानडीत विचारलं, काय होतंय ग तुला. मग तिनं सांगितलं. डोकं दुखतंय, रात्रीपासून.

१८ जून, बुधवार

संध्याकाळी क्लास सुटल्यावर मोनिका थांबली होती. खाली बॅटरीवाल्याकडं चहा सांगितला तिनं. मराठीत सांगितला! म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी पुल थ्रूला तुमचं तोंड उतरलं. काही झालं का?"

मी सांगणार नव्हते. पण सांगितलं. सगळं. भावाचंही.

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "एक सांगू? कॉल सेंटरला पहिलं वर्षभर मला निम्मं कळायचं नाही. गिऱ्हाईक रागानं काहीतरी बोलायचं, मी म्हणायची येस सर, शुअर सर. परत बोला म्हटलं की मार्क कापायचे. एक बाई एकदा फोनवर रडत होती. मी तिला थँक यू, हॅव अ नाइस डे म्हटलं. काय म्हणत होती ती, आजपर्यंत माहीत नाही मला."

"मग आम्हाला कशाला उभं करतेस ग?" मी ओरडलेच. बॅटरीवाला वळून बघायला लागला.

"मला पण तसंच केलं होतं मॅडम. दुसरं येत नाही मला."

खाली मान घालून बसली. पोरगीच आहे हो. गॉगल काढला की अगदीच पोरगी. पण राग गेला नाही. तिच्यावरचा थोडा गेला. सोमेशवरचा नाही. तो कुणी कॉल सेंटरातली नवखी पोर नव्हे. पंधरा वर्षं झाली हैदराबादला. मीटिंगा घेतो इंग्रजीत!

२० जून, शुक्रवार

अप्पांनी विचारलं, सोम्याचा फोन आला न्हाय या रविवारी. मी म्हटलं, कामात असेल. अप्पा म्हणाले, "पोरगा दर रविवारी तुझ्या अव्वाबद्दल बोलतोय, मला बरं वाटतंय ग. दुसरं कोण बोलतंय तिच्याबद्दल?"

मी स्वयंपाकघरात निघून गेले.

२२ जून, रविवार

सोमेश आला. न कळवता, एकटाच. दाढी वाढलेली. दारातच उभा राहिला, बूटही काढेना.

मी म्हटलं, "बोल काय ते, आणि जा."

म्हणाला, "अक्का, मला माहीत नव्हतं. तू फोनवर सांगितलंस तवा कळलं. पुल म्हणलं की मला नळीच वाटली. नळी ओढून काढणार न्हायत, असं. तसंच तुला सांगितलं. खोटं न्हाय सांगितलं."

"मग परत विचारायचं होतंस डॉक्टरला!"

"विचारणार होतो. पण तू बाजूला उभी होतीस. तुला वाटलं असतं, एवढं शिकवलं ह्याला, अन् एवढंबी येत न्हाय."

आतून अप्पा विचारत होते, कोण आलंय ग? "सोम्या आलाय," मी आत सांगितलं.